२,४८० रुपयांची तूट: गावकीच्या मुलामुलींनी लावलेला एक हिशोब

३० जून २०२४, रविवार. परळच्या आमच्या गावकीच्या खोलीत संध्याकाळी डबा उघडून आमसुलांच्या विक्रीचे पैसे मोजले. ११,५८० रुपये निघाले. वहीप्रमाणे १४,०६० निघायला हवे होते. मुलांच्या गटाची खजिनदार तेव्हा पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीत गेलेली. तिने नोटा तीनदा मोजल्या. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला तेव्हा तिने गड्डीला रबर लावलं, डब्याचं झाकण बसवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, दोन हजार चारशे ऐंशी कमी आहेत."

ही तूट कशी पडली, ती कोणी आणि कशी शोधली, आणि त्या दिवसांत आम्ही मोठी माणसं काय करायला निघालो होतो, ते इथे लिहितो आहे. मी आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाचा सहचिटणीस. मुलांच्या गटाकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे. मुलं लहान आहेत म्हणून त्यांची आणि गावाचं नाव देत नाही. गाव संगमेश्वर तालुक्यातलं आहे, एवढं पुरे.

खोली आणि मंडळ

गिरणगावात अशा खोल्या अनेक होत्या. गावच्या लोकांनी वर्गणी काढून चाळीत एक खोली घ्यायची आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येक गड्याला तिथे वळकटीपुरती जागा द्यायची. माझे वडील १९६४ साली याच खोलीत उतरले. गिरणीच्या तीन पाळ्या असल्यामुळे एका वळकटीच्या जागेवर तीन माणसं आळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत. खोलीत एक पत्र्याची पेटी असे, तिच्यात गावकीची वही आणि पैसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा व्हायची आणि सभेत हिशोब वाचला जायचा. वडील चौथी शिकलेले, पण जमाखर्च मांडायला ते या पेटीपाशी बसून शिकले. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या पेटीत आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि खोलीतली माणसं पांगली. काही गावाला परतली, काहींनी नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर गाठलं. मंडळ टिकलं, खोलीही टिकली, पण काम बदललं. देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडी, पाण्याची टाकी, शाळेला वह्या, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार. सगळी चांगलीच कामं. पण यातल्या प्रत्येक कामात मुलांच्या हाती आम्ही काहीतरी देत होतो: वही, दप्तर, ट्रॉफी, गुलाबाचं फूल. मुलांनी करावं असं त्यात एकही काम नव्हतं. तीसच्या आतला सभासद सभेला दिसेनासा झाला आणि आम्ही "हल्लीच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही" असं म्हणत राहिलो.

गावात पूर्वी युवक मंडळ होतं. १९५२ साली सामूहिक विकास योजना आली तेव्हापासून गावोगावी युवक मंडळं काढायला सुरुवात झाली आणि १९७२ साली नेहरू युवा केंद्रं सुरू झाल्यावर त्या कामाला जिल्ह्याच्या पातळीवर आधार मिळाला. आमच्या गावचं मंडळ कबड्डी आणि नमन, जाखडी या कोकणातल्या लोककलांवर चाले. त्याला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. नमनाचा एक खेळ उभा करायचा म्हणजे तीस माणसांच्या तालमी, कपडेपट, दिवाबत्ती, सुपारी ठरवणं आणि बिदागीची वाटणी आलीच. पण त्यात मुली नव्हत्या, आणि पंधरा वर्षांच्या पोराला पडद्यामागे दोरी ओढण्यापलीकडे काम नव्हतं.

ओहायोची कल्पना, रातांब्याचं काम

अमेरिकेतल्या ग्रामीण भागातल्या फोर-एच गटांबद्दल मी वाचलं होतं. १९०२ च्या जानेवारीत ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकांनी न्यायालयाच्या तळघरात तीसेक मुलामुलींना जमवलं आणि त्यांना मका लावणं, भाजीपाला करणं, माती तपासणं अशी कामं दिली. पुढे त्याच धर्तीवर दक्षिण कॅरोलिनात १९१० साली मुलींचे टोमॅटो गट निघाले. प्रत्येक मुलीने एक दशांश एकरात टोमॅटो लावायचे, डबाबंद करून विकायचे आणि पैसे तिचे. १९१४ च्या कायद्याने कृषी विद्यापीठांच्या विस्तारसेवेला सरकारी निधी मिळू लागला आणि हे गट त्या सेवेचा भाग झाले. डोकं, मन, हात आणि आरोग्य या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं.

त्यातल्या दोन गोष्टी माझ्या मनात बसल्या. एक म्हणजे नवं बियाणं, नवी पद्धत मोठे शेतकरी पटकन घेत नसत, पण स्वतःच्या मुलाच्या तुकड्यातलं पीक बघून घेत. मुलं तिथे मोठ्यांना शिकवायच्या जागी होती. दुसरी गोष्ट नोंदवही. प्रत्येक मुलाने आपल्या कामाची वही ठेवायची: काय केलं, किती खर्च आला, किती मिळाले, काय चुकलं. पेटीतल्या वहीशी माझ्या मनात तिची गाठ लगेच पडली.

२०२४ च्या फेब्रुवारीत मंडळाच्या सभेत ठराव मांडला. बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा गट, गावचे आणि मुंबईचे मिळून. अध्यक्ष, सचिव, खजिनदार त्यांच्यातलेच. मंडळाने २,५०० रुपये बिनव्याजी द्यायचे आणि ते परत घ्यायचे. "परत घ्यायचे" यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, लेकरांकडून काय परत घ्यायचं, देऊन टाका. मी अडून बसलो. बक्षीस म्हणून मिळालेल्या पैशाचा हिशोब कोणीच नीट ठेवत नाही, हे मी याच मंडळात पाहिलं आहे.

एकोणीस मुलं झाली. गावची अकरा, मुंबईची आठ. काम त्यांनीच निवडलं. मे महिन्यात मुंबईची मुलं गावाला असतात आणि तेव्हाच रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. दरवर्षी बांधावरच्या झाडांखाली त्यांचा सडा पडून कुजतो. त्यांची आमसुलं करायची आणि मुंबईत विकायची.

आमसुलं म्हणजे नुसती सालं वाळवणं नव्हे. रातांबे फोडून बी आणि गर वेगळा करायचा, त्या रसात मीठ घालायचं, सालं उन्हात टाकायची, वाळत आली की पुन्हा रसात बुडवून पुन्हा उन्हात. अशी पुटं द्यावी लागतात. प्रत्येक पुटाबरोबर रंग काळपट लाल होत जातो. बोटं आठ-आठ दिवस रंगलेली राहतात, नखाजवळ चीर असेल तर मीठ झोंबतं. गावातल्या दोन आज्यांनी शिकवलं. या आज्यांना आयुष्यात कोणी 'शिक्षक' म्हटलं नसेल. त्या पंधरा दिवसांत मुलं त्यांना विचारल्याशिवाय एक ताट हलवत नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन गोणपाटांत माल भरून तुतारी एक्सप्रेसने दादरला आला. गावच्या सचिव मुलाने ताणकाट्यावर वजन करून फोनवर सांगितलं, ३८ किलो. खजिनदार मुलीने वहीत लिहिलं: ३८ किलो, पाव किलोची १५२ पाकिटं, दर १०० रुपये, अपेक्षित १५,२००.

विक्री दोन रविवारी झाली. २३ जूनला गुणगौरव समारंभाला पालिकेच्या शाळेच्या सभागृहात आणि ३० जूनला खोलीवर. पिशव्या, छापील लेबलं आणि टॅक्सी मिळून ६४० रुपये खर्च, त्याच्या पावत्या जपलेल्या. पाच पाकिटं शिल्लक. म्हणजे १५,२०० मधून ५०० आणि ६४० वजा जाता १४,०६०. आणि डब्यात ११,५८०.

मोठ्यांचे तीन उपाय

त्याच रात्री फोन सुरू झाले. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पोरांच्या मनाला लावून घेऊ नका. अडीच हजारांचा काय प्रश्न आहे, मी टाकतो. विषय संपवा." त्यांच्या मनात मायाच होती. पण त्यांनी पैसे टाकले असते तर ती मुलगी जन्मभर हेच धरून चालली असती की आपल्या हातून पैसे गेले आणि काकांनी झाकलं.

दुसरे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की वही आता मोठ्यांनी ताब्यात घ्यावी, पोरांनी विक्री करावी, पैसे आपण सांभाळू. आणि हळूच असंही म्हणाले की डब्यापाशी कोण कोण बसलं होतं ते बघा. डब्यापाशी दोघं बसले होते. खजिनदार मुलगी आणि गावाहून अकरावीसाठी नुकताच मुंबईला आलेला, काकाकडे राहणारा एक मुलगा. संशय कुणाकडे वळणार हे सांगायला नको. मुंबईत आईबाप नसलेल्या पोराकडेच वळतो.

तिसरा उपाय माझा होता आणि तोही चुकीचाच होता. मी ठरवलं की वही घरी न्यायची, रात्री बसून हिशोब लावायचा आणि सकाळी मुलांना उत्तर सांगायचं. मी चौतीस वर्षं लेखा विभागात काढली आहेत, मला ते जमलंही असतं. सोमवारी मी वही मागितली. मुलगी म्हणाली, "काका, वही सभेत ठेवायची आहे ना? मग सभेपर्यंत आमच्याकडे राहू दे." वही मिळाली नाही. या प्रकरणात माझ्याकडून झालेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे मी दुसऱ्यांदा मागितली नाही.

गावाकडची बाजू वेगळीच होती. मंगळवारी गावच्या सचिव मुलाचा फोन आला. सोळा वर्षांचा, बोलायला तुटक. "तूट आमच्या वाटणीतून जाणार का?" त्याचा प्रश्न रास्त होता. सालं आम्ही फोडली, मीठ आमच्या हातांना झोंबलं, पैसे मुंबईत हरवले. गाव राबतो आणि मुंबईचा माणूस पावतीवर सही करतो, हे आमच्या मंडळाचं फार जुनं दुखणं आहे. ते एवढ्या लवकर मुलांच्या गटात उतरेल असं मला वाटलं नव्हतं.

शोध

७ जुलैच्या रविवारी मुंबईची आठही मुलं खोलीत बसली, गावची मुलं फोनवर. मी दाराशी बसून होतो. त्यांनी डब्यापासून सुरुवात केली नाही, मालापासून केली. १५२ पाकिटं खरोखर भरली होती का, हा पहिला प्रश्न.

पाकिटं मोजायला आता पाकिटं नव्हती. गटातल्या सगळ्यात धाकट्या, बारा वर्षांच्या मुलाकडे लेबलं चिकटवायचं काम होतं. तो म्हणाला, लेबलं मोजूया. छापली १६०, उरली १३, एकही वाया गेलं नव्हतं. म्हणजे पाकिटं १४७. पाच पाकिटं भरलीच गेली नव्हती. मग ३८ किलोंचं काय झालं? पोटमाळ्यावर तीन रिकामी गोणपाटं पडली होती. मुलं ती खालच्या वाण्याकडे घेऊन गेली. काट्यावर सव्वा किलो. गावाला वजन करताना बारदान वजा केलंच नव्हतं. सव्वा किलो म्हणजे बरोबर पाच पाकिटं, पाचशे रुपये.

फोनवर सचिव मुलगा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ती चूक माझी. लिहा." वहीत तसंच लिहिलं आहे: वजनातील चूक, ५०० रुपये. ती कोणी केली ते लिहायचं नाही असं मुलांनी एकमताने ठरवलं. चूक लिहायची, माणूस लिहायचा नाही. मंडळाच्या साठ वर्षांच्या इतिवृत्तांत उलट उदाहरणं भरपूर सापडतील.

२३ तारखेच्या समारंभात मंडळाच्या अध्यक्षांनी पाहुण्यांना दोन पाकिटं भेट दिली होती. हे सगळ्यांनी पाहिलं होतं, कोणी लिहिलं नव्हतं. दोनशे.

राहिले १,७८०. इथे खोलीत शांतता झाली. मला वाटलं मुलांना सुचत नाही. खरं तर त्यांना माहीत होतं. सभा संपल्यावर जिन्यात खजिनदार मुलीने नोंदवहीचं मागचं पान उघडून दाखवलं. पेन्सिलीने लिहिलेली नऊ नावं आणि पुढे आकडे. सतरा पाकिटं उधार.

झालं होतं असं. मुलांपाशी क्यूआर कोड नव्हता आणि हल्ली खिशात रोकड कोणी बाळगत नाही. "जीपे आहे का? नाही? बरं, नंतर देतो गं." नऊ मोठ्या माणसांनी असं म्हणून पाकिटं नेली. त्यांत तिचे वडील होते, सख्खा मामा होता, मुलांच्या हातून वही काढून घ्या म्हणणारे ज्येष्ठ सभासद होते. आणि तीन पाकिटांपुढे माझं नाव होतं.

त्या जिन्यात मला जे वाटलं ते इथे लिहून हलकं करता येणार नाही. आठ दिवस ती मुलगी तुटीचा भार डोक्यावर घेऊन फिरत होती. तीनशे रुपये माझ्याकडे होते, आणि मी तिच्याकडे वही मागायला गेलो होतो.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगू कसं काका? मोठ्यांना पैसे मागायचे कसे?"

पावती

१४ जुलैला मंडळाची सभा होती आणि हिशोब तिथे वाचायचा होता. मी सुचवलं की उधारीवाल्यांना मीच एकेक करून फोन करतो. मुलांनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. एकाने सुचवलं की नावं सभेत वाचूया, म्हणजे सगळे देतील. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. अध्यक्ष मुलगी म्हणाली, नावं वाचली तर पैसे येतील, पण पुढच्या वर्षी यातला एकही माणूस आपल्याकडून काही घेणार नाही.

तोड खजिनदार मुलीने काढली. तिने पावती पुस्तक घेतलं आणि नऊ जणांच्या नऊ पावत्या फाडल्या. नाव, पाकिटं, रक्कम, सही. मग दोघं दोघं मिळून प्रत्येकाकडे गेले. परळ, काळाचौकी, एक डोंबिवली, दोन दिवा. दारात उभं राहून एवढंच म्हणायचं: "काका, तुमची पावती द्यायची राहिली होती."

पैसे मागितलेच नाहीत. पावती हातात आल्यावर माणूस आपणच आत जाऊन पाकीट घेऊन येतो. माझ्या दारात ती आणि तो अकरावीचा मुलगा आले. मी पावती घेतली, तीनशे रुपये दिले, चहा दिला. दोघांनी चहा घेतला आणि पुढच्या पत्त्यावर गेली. त्या मुलाला बरोबर न्यायचं हे तिने मुद्दाम ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं. ज्याच्यावर नजरा वळल्या होत्या त्याच्याच हातात तिने पावती पुस्तक दिलं होतं.

मी आयुष्यभर वसुलीची पत्रं लिहिली. इतकी साधी आणि समोरच्याचा मान राखणारी वसुली मला कधी सुचली नाही.

१४ जुलैला तिने सभेत उभं राहून हिशोब वाचला. येणे १,७००, पैकी वसूल १,४००, बाकी ३००. वजनातील चूक ५००. भेट २००, यापुढे ठरावाशिवाय भेट देऊ नये अशी सूचना. हिशोब न लागलेले ८० रुपये. नाव एकही नाही. आमच्या गावकीच्या सभेत जमाखर्च एका मुलीने वाचण्याची ही पहिलीच वेळ. गावाला अजूनही गावकीची बैठक म्हणजे पुरुषांची बैठक. इथे मुंबईत बायका सभेला येतात, मागे बसतात. त्या दिवशी मागच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, "मोठ्याने वाच गं, ऐकू येऊ दे." एवढंच.

भेटीचे दोनशे अध्यक्ष खिशातून काढू लागले तेव्हा मुलांनी ते घेतले नाहीत. भेट मंडळाच्या समारंभात दिली होती, म्हणून मंडळाच्या खात्यातून खर्ची टाका, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं आणि तसाच ठराव झाला. राहिलेले तीनशे गणपतीच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. शिल्लक पाच पाकिटं तोवर विकली गेली होती.

वाटणी

तुटीपेक्षा अवघड प्रकरण वाटणीचं झालं, पण ते मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी जवळ नव्हतो. सगळं मिळून १३,९८० रुपये झाले. मंडळाचे २,५०० परत केले, ११,४८० उरले. मुंबईच्या मुलांनी निम्मे-निम्मे सुचवलं. गावच्या मुलांना ते मान्य नव्हतं. दोन आठवडे गटाच्या व्हॉट्सॲपवर कोणी काही लिहिलं नाही.

शेवटी नोंदवह्या काढल्या. कोणी किती दिवस काम केलं ते प्रत्येकाच्या वहीत होतं. गावच्या मुलांचे ९४ दिवस भरले, मुंबईच्या मुलांचे ३१, यात मे महिन्यातलं कामही आलं आणि विक्रीचे दिवसही. पुढच्या वर्षासाठी ३,४८० बाजूला ठेवून ८,००० रुपये १२५ दिवसांवर वाटले, दिवसाला ६४ रुपये. गावाला ६,०१६ आणि मुंबईला १,९८४. मुंबईच्या दोन मुलांना हे अजूनही पटलेलं नाही. विक्री हे वेगळं कौशल्य आहे, त्याचा दर वेगळा हवा, असं ती म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असं मलाही वाटतं. ज्यांच्या वह्या अर्धवट होत्या त्या तिघांना कमी मिळालं, आणि त्यानंतर वह्या भरण्याबद्दल मला कोणाला काही सांगावं लागलेलं नाही.

काय बदललं

दुसऱ्या वर्षी क्यूआर कोड आला. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून बँकांना दिलेली आहे. त्यामुळे खातं एखाद्या मुलाच्या नावे काढावं का, अशी चर्चा झाली. पण एका मुलाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे हे कोणालाच बरोबर वाटलं नाही. मंडळ नोंदणीकृत आहे, दरवर्षी लेखापरीक्षण होतं. म्हणून मंडळाच्याच खात्यावर पैसे घ्यायचे आणि किर्दीत गटाचं स्वतंत्र पान ठेवायचं ठरलं. आता आमचे लेखापरीक्षक मुलांना प्रश्न विचारतात आणि मुलं त्यांना उत्तरं देतात.

आणखी एक गोष्ट आम्हा मोठ्यांच्या लक्षात यायला हवी होती, ती आली नव्हती. खाण्याचा पदार्थ विकायचा तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे लहान विक्रेत्यालाही नोंदणी लागते. तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्क होतं. अशी जबाबदारी मुलांवर टाकता येत नाही. ती एका पालकांनी आपल्या नावे घेतली. मुलांच्या हाती काम सोपवणं म्हणजे मोठ्यांनी अंग काढून घेणं नव्हे, हे मला या नोंदणीच्या निमित्ताने नीट समजलं. कायद्याची बाजू, आगीची, सुरीची आणि प्रवासाची काळजी आमची. वही आणि डबा त्यांचा.

२०२५ चा मे

२०२५ ला पावसाने सगळं बिघडवलं. २० मेनंतर कोकणात पाऊस लागला आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा, इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नव्हती. गावाला अंगणात, पत्र्यावर, ताडपत्रीवर टाकलेली सालं एका रात्रीत भिजली. दोन पुटं झाली होती. काही चुलीवरच्या माळ्यावर टाकली, त्यांना धुराचा वास लागला. काहींना बुरशी आली, ती फेकली.

तेव्हा मी मुंबईत होतो आणि मला कोणी विचारलं नाही. मुलांनी आज्यांना विचारलं. झाडावर आणि टोपल्यांत जे रातांबे उरले होते त्यांचं आगळ करायचं ठरलं. सालं मिठात मुरवायची, रोज ढवळायची, सुटलेला रस गाळून घ्यायचा. उन्हाची गरज नाही. बरण्या कमी पडल्या म्हणून घरोघरच्या लोणच्याच्या बरण्या मागून आणल्या, कोणाची कोणती ते वहीत लिहून. ५३ बाटल्या झाल्या. त्यांतल्या चार रेल्वेत गळल्या आणि एका मुलाचं दप्तर कायमचं लाल झालं.

त्या वर्षी खजिनदार म्हणून निवडून आला तो लेबलं मोजणारा, आता तेरा वर्षांचा. त्याने नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: मागील शिल्लक ३,४८०. त्याखाली वेगळ्या ओळीत: हिशोब न लागलेले, ८०. जुलैच्या सभेत त्याने विचारलं की ही ओळ किती वर्षं पुढे न्यायची. आमचे अध्यक्ष म्हणाले, सोडून द्या आता. आधीची खजिनदार मुलगी अकरावीचा प्रवेश उरकून मागे येऊन बसली होती. तिने हात वर करून सांगितलं की याला तिचा विरोध आहे. मतदान झालं नाही. विषय पुढच्या सभेवर ठेवला आहे.